साहेबांच्या वडिलांचा डावा हात

दुबई, ता. ३ फेब्रुवारी १९६७

चि. गनी यास अनेक दुवा.

वि. वि. इकडे मी खुशाल आहे. आईने कळवलं, होडीवरून पडून उजवा खांदा मोडल्यापासून तू मैदानाकडे फिरकत नाहीस. गोलंदाज गनी संपला म्हणतोस. म्हणून एक हकीकत लिहितो.

आमच्या तेलकंपनीच्या इंजिनीयरसाहेबांचे वडील अमेरिकेहून आलेत. पंचाहत्तरीचे आहेत. तरुणपणी बेसबॉल खेळून पोट भरत. हा खेळ म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊच. ते मैदानाच्या पार टोकाला उभे राहून उंच चेंडू झेलत, पेपरात फोटो येत. एकदा झेल घेताना लाकडी कुंपणावर आदळले आणि उजवा खांदा कामातून गेला. मालकाने काढून टाकलं. गावी जाऊन वर्षभर गोठ्याच्या भिंतीवर डाव्या हाताने चेंडू फेकत राहिले, परत संघात आले आणि आणखी पाच वर्षं खेळले! तू काय ते ठरव.

तुझा भाई, खैरुद्दीन

दाभोळ, ता. २६ फेब्रुवारी

ती. खैरुद्दीनभाईंना गनीचा सलाम.

पत्र वाचून आधी रागच आला. दुबईत बसून सांगणं सोपं. तरी कोणी बघत नाही असं पाहून डाव्याने चेंडू फेकला. तो शेजारच्या ताजबीखालाच्या खुराड्यात! कोंबड्या गावभर, मी त्यांच्या मागे, खाला माझ्या मागे. आई कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. म्हाताऱ्यांना विचारा, त्यांचा पहिला चेंडू कुठे गेला होता?

माया आहेच, पत्रंही लांब लिहीत जा.

गनी

दुबई, ता. २४ मार्च

चि. गनी यास दुवा.

तुझं पत्र त्यांना हिंदी-इंग्रजीची खिचडी करून सांगितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांचा चेंडू म्हणे बापाच्या दुधाच्या बादलीत पडला होता.

आज खाडीपलीकडच्या वाळूवर कंपनीवाले आणि जहाजावरचे खलाशी यांचा बेसबॉलचा सामना झाला. आमचा एक गडी कमी पडला. साहेब नको नको म्हणत असताना वडील टोकाला जाऊन उभे राहिले. त्यांच्यासाठी धावपळ करायला शेजारी मी. शेवटी चेंडू उंच आला. मी पुढे होणार, तोच त्यांनी ओरडून थांबवलं, मागे सरकत झेलला आणि डाव्या हाताने असा फेकला की थेट ठाण्यावर उभ्या साहेबांच्या हातात! झेलाने एक बाद झालाच, ठाणं सोडून धावणारा दुसरा खलाशीही बाद. खलास, सामना आमचा! साहेब रागवायला म्हणून धावत आले आणि बापाला उचलूनच घेतलं.

तुझा भाई, खैरुद्दीन

दाभोळ, ता. १६ एप्रिल

ती. भाईंना सलाम.

आज पलीकडच्या गावाशी सामना होता. आमचा कप्तान कमरुद्दीन म्हणाला, गोलंदाजी पुढच्या वर्षी बघू, तोवर सीमेवर उभा राहा. एक झेल सुटला, दुसरा घेतला. आपण हरलो, भाई. पण मैदानावरून सगळ्यांत शेवटी मी निघालो.

तुमच्या मायेचा हक्कदार,
गनी