वरच्या फ्लॅटचं गिऱ्हाईक

उन्मेष भाऊजी,

तुमचा फ्लॅट बघून गेलेल्या जोडप्याने सौदा का मोडला, असं काल तुम्ही यांना फोनवर विचारत होतात. माझ्यामुळे मोडला.

कुळगावची ही एक खोली तुम्हीच आमच्या गळ्यात मारलीत. "सुरुची, दोन वर्षांत दुप्पट भाव येईल, मग मोठं घ्या," म्हणालात. बिल्डरकडून कमिशन घेतलंत, ते मागाहून कळलं. आज ही खोली विकली तरी बँकेचं कर्ज फिटत नाही. राजसी मोठी झाली, कपाटाच्या दाराआड कपडे बदलते. यज्ञेशचीही उंची वाढली, झोपला की त्याचे पाय ओट्याखाली जातात. तुमचा वरचा फ्लॅट मात्र कुलूपबंद. राजसीला दहावीपुरतं तिथे अभ्यासाला बसू द्या म्हटलं, तर म्हणालात, "वापरलेल्या घराला भाव येत नाही."

त्या जोडप्यातली बाई गरोदर होती. जिन्यात तिने विचारलं, "ताई, बिल्डिंग कशी आहे?" मी तिला घरात बसवलं, चहा दिला, ओल आलेली भिंत दाखवली. पाणी टँकरचं आहे, हेही सांगितलं.

"मग तुम्ही इथे का राहता?"

"विकून सुटता येत नाही म्हणून."

यात आमच्याही खोलीचा भाव पडणार, हे मला कळतं. पडू दे.

रविवारी दुसरं गिऱ्हाईक येणार म्हणून तुम्ही वरची किल्ली आमच्याकडे ठेवलीत. हे पत्र पाठवलं तर ती परत न्याल, म्हणून पाठवत नाही. राजसी पुस्तकं घेऊन वर गेली आहे.

तुमची भावजय,
सुरुची