रिंगणातलं रिंगणात

ता. ११ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. खरं तर हात जोडावेसे वाटत नाहीत, पण आईने लावलेली सवय मोडत नाही. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि तीही कुरकुरते. तू टीव्हीवर दिसलास की शेजारणीला हाका मारून बोलावते. घरी बाकी सगळं ठीक आहे. फोन केला तर तुझी सेक्रेटरी मलाच 'आपण कोण?' विचारते, म्हणून पत्र लिहायला बसले.

मागच्या महिन्यात तू आमच्या धुलाई कारखान्यात भाषण देऊन गेलास. मी शेवटच्या रांगेत, इस्त्री विभागातल्या बायकांमध्ये बसले होते. तू मला पाहिलंस. नजर जरा अडखळली, मग लगेच मालकीणबाईंकडे वळली. बहीण इथे चादरी इस्त्री करते हे सगळ्यांसमोर सांगायची तुला लाज वाटली असेल. वाटू दे.

भाषण झकास झालं हं. फुटबॉलच्या मैदानावर शिकलेलं खरं नेतृत्व! मॅच संपली की तुमचा संघ रिंगण करून उभा राहायचा. आधी कप्तान चेंडू हातात धरून स्वतःची चूक कबूल करायचा, मग चेंडू फिरायचा आणि ज्याच्या हाती येईल तो बोलायचा. 'आधी कप्तानाने मन मोकळं करायचं, मग माणसं आपोआप तुमची होतात.' बायकांनी डोळे पुसले. आमच्या मॅनेजरने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. तू त्याला सही केलेला चेंडू दिलास, तो आता त्याच्या टेबलावर देवासारखा बसलाय.

तेव्हापासून तो गळ्यात शिट्टी घालून फिरतो. आम्ही त्याला शिट्टीच म्हणतो. दर सोमवारी काम सुरू होण्याआधी शिट्टी वाजते आणि सगळ्यांनी रिंगणात यायचं. पहिल्या सोमवारी त्याने चेंडू छातीशी धरला आणि म्हणाला, "माझी चूक अशी की मी कामात जरा जास्तच जीव ओततो." मी हसू दाबता दाबता मेले.

पण बाकीच्या खुळ्या खरं बोलल्या. तू सांगितलं होतंस ना, खरं बोला म्हणून! आमच्यात आक्का आहे. गरम रुळांच्या इस्त्रीवर तिची उभी हयात गेली. नवी मुलगी आली की तिची ओढणी आधी आक्का खोचून देते, मग काम शिकवते. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालतं. चेंडू तिच्या हातात आला तेव्हा ती म्हणाली, "दुपारी वाफेने मला गरगरतं. परवा मशीन बंद करायला उशीर झाला, एक चादर जळाली. कुणाला बोलले नव्हते." शिट्टीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास आक्का, याला म्हणतात धैर्य!"

त्याच आठवड्यात तिला नोटीस आली. स्वतःच्याच कबुलीवरून ती या कामाला अयोग्य ठरते, तर कामावरून का काढू नये? गुरुवारी मालकीणबाईंसमोर तिची चौकशी आहे. आक्का माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अगं, तुझ्या भावानेच सांगितलं होतं ना बोला म्हणून?" माझी मान खाली गेली, दादा. तुझ्यामुळे गेली.

तू रिंगणाचं सगळं सांगितलंस, फक्त एक नियम गिळलास. रिंगणातलं रिंगणाबाहेर न्यायचं नाही. हाच नियम नेमका कसा विसरलास?

विसरला नाहीस. तुला तो सांगताच आला नसता. समोर मी बसले होते.

हे कधीच बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. ह्यांनी तशी शपथच घातली होती. पण आता माझ्या डोक्यात तिडीक गेलीय. तुमचा गोलकीपर म्हणजे माझा नवरा. ते स्थळही तूच आणलंस, 'लाखात एक माणूस आहे' म्हणून. तुम्ही उपांत्य सामना हरलात त्या दिवशी ह्यांनी चेंडू हातात धरून सांगितलं की दिव्यांच्या उजेडात एका डोळ्याला उंच आलेला चेंडू धूसर दिसतो. रिंगणात सांगितलं, भावांना सांगितल्यासारखं. आणि तू जाऊन क्लबच्या साहेबांच्या कानात घातलंस. करार संपवताना साहेबच ह्यांना म्हणाले, "तुमच्या कप्तानाने संघाच्या भल्यासाठीच सांगितलं." डोळ्याचा इलाज होता, दादा. पुढे झालाही. तोवर जागा गेली होती. आता हे किल्ल्या बनवतात आणि तू नेतृत्व शिकवतोस.

ह्यांनी तुला एका शब्दाने विचारलं नाही. आईला अजून वाटतं की जावयाने खेळ आपणहून सोडला. तू घरी येईनासा झालास, तर ती म्हणते, "मोठा माणूस झालाय, वेळ कुठला!" मी हो ला हो करते.

तर ऐक. आक्काला आपल्या बाजूने बोलायला एक माणूस आणता येतो. ती जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवलीय. गुरुवारी सकाळी ये आणि मालकीणबाईंना तो गिळलेला नियम सांग. ह्यांचं नाव घेऊ नकोस, स्वतःचंही सांगू नकोस. एवढं एक वाक्य बोललास तरी आक्काची भाकरी वाचेल. तुझं त्या माणसांनी ऐकलं, म्हणून हे झालं. निस्तरायला दुसऱ्या कुणी का यावं?

वाट बघते. प्रेमाने बघत नाहीये, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
धाकटी


ता. २२ मार्च

दादा,

तुझ्या ऑफिसचं पाकीट मिळालं. 'सरांच्या मनःपूर्वक शुभेच्छा' आणि सोबत तुझा सही केलेला फोटो. फोटो आईला दिला. तिने कपाटाच्या दारावर चिकटवलाय. मी त्या कपाटातले माझे कपडे दुसरीकडे हलवले.

तू आला नाहीस. गुरुवारी आक्का बाकावर बसून पदराचं टोक पिळत होती. मी दाराकडे बघत होते आणि तुला मनातल्या मनात काय काय म्हणत होते ते आईच्या लेकराला लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि हे आत आले, तसेच दुकानाच्या मळक्या शर्टात. तुझं पाकीट मी टेबलावरच ठेवलं होतं, ते बघून काय समजायचं ते समजले होते.

सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "त्या रिंगणात मी उभा असायचो. आतलं बाहेर न्यायचं नाही, हा तिथला नियम होता. त्याशिवाय कुणी तोंड उघडलंच नसतं."

शिट्टी हसला. "पण कप्तानसाहेब तर असं काही बोलले नाहीत. तुम्ही तिथे होता कशावरून? बरं, सांगा पाहू, शेवटच्या रिंगणात त्यांनी स्वतःची कुठली चूक सांगितली?"

ह्यांना माहीत आहे. उपांत्य सामन्यानंतरच्या त्या रिंगणात आधी चेंडू तू धरला होतास, आणि तू जे बोललास ते ऐकूनच ह्यांना आपला डोळा सांगायचा धीर आला, एवढं एकदा ह्यांच्या तोंडून निसटलं होतं. म्हटलं, आता बोला! एकदाचा त्याचा मुखवटा फाडा!

हे म्हणाले, "ते सांगता येणार नाही. ते रिंगणातलं आहे."

"अहो, या बाईंची नोकरी जाईल," शिट्टी म्हणाला.

ह्यांनी आक्काकडे बघितलं. घाम फुटला होता. "तरीही नाही," म्हणाले. मग मालकीणबाईंनी हळूच विचारलं, "तुमचा करार कसा संपला हे मी क्लबच्या साहेबांकडून ऐकून आहे. ज्यांनी तुमचं बाहेर सांगितलं, त्यांचं तुम्ही झाकताय?"

"त्याने मोडला म्हणून मीही मोडायचा?"

मालकीणबाईंनी नोटीस पुढे ओढली. मग ती फाडली. म्हणाल्या, "नियम होता, हे आत्ताच दिसलं. आक्का चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर बसेल, पगार तोच राहील. तिथे वाफ नाही. आणि तो चेंडू माझ्याकडे आणून द्या." शिट्टीने चेंडू आणला. गळ्यातली शिट्टी त्याने स्वतःच काढून खिशात घातली. आक्का ह्यांच्या पाया पडायला लागली, तर हे दोन पावलं मागे सरले.

घरी आल्यावर मी विचारलं, दादा. गोडीत विचारलं, मग भांडले, मग रडले. म्हटलं, मी लग्नाची बायको, निदान मला तरी सांगा, काय बोलला होता तो? हे कानशीने किल्ली घासत राहिले. म्हणाले, "जेवायला वाढ."

तेव्हा तू घाबरू नकोस. त्या दिवशी चेंडूवर हात ठेवून तू जे काही बोललास ते सुखरूप आहे. ज्याला तू विकलंस त्याच्याच पोटात आहे आणि तिथून ते कधी बाहेर येणार नाही. पुढच्या भाषणात टाळ्या पडतील तेव्हा हे आठव.

या वेळी नमस्कार नाही.

तुझ्या गोलकीपरची बायको