चटणीची पुडी

अहो,

तुम्ही न बोलताच सकाळी मोंढ्यातल्या दुकानात निघून गेलात, म्हणून लिहून ठेवते. धपाटे डब्यात आहेत, दही फ्रिजमध्ये. जेवल्यावर बीपीची गोळी घ्या. बेलाच्या रोपाला पाणी घालत जा.

मी आणि शिवानी शिरूर अनंतपाळला आईला भेटून तिकडूनच स्टेशनवर जाऊ. मग तीन महिने व्हिएतनाम, लाओस आणि पुढं पाय नेतील तिथं. "या वयात पाठीवर पोतं घेऊन हिंडणार? मोंढ्यात हमाल कमी पडले का?" असं तुम्ही म्हणालात आणि तेव्हापासून घरात अबोला.

पोतं आता हलकं केलंय. शिवानी म्हणते, "आई, सात किलोच्या वर रुमालसुद्धा न्यायचा न्हाई." म्हणून आज बॅग सगळी उपसली, तर तळाशी शेंगाचटणीची पुडी निघाली. पेपरात बांधलेली, वर दुकानातल्यासारखी दोऱ्याची गाठ, एका झटक्यात सुटणारी. अशी गाठ आपल्या घरात तुमच्याशिवाय कुणाला येते? मी एक साडी बाहेर काढली आणि पुडी ठेवली.

कुठल्यातरी रुंद, संथ नदीवर नावेत बसून, परक्या भातासोबत ती सोडीन. तेव्हा तुम्ही इथं गल्ल्यावर बसून कुणाची तरी पुडी बांधत असाल. दोरा मात्र टाकणार न्हाई, बॅगेला बांधून परत आणीन.

गाडी संध्याकाळची आहे. स्टेशनवर या. बोलला न्हाईत तरी चालंल.

महानंदा