एक्कावन्न प्रती, आहेरासाठी

३ नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडलं! शटर नाही, पाटी नाही, गल्ला नाही. लॅपटॉपवर एक पान, त्यावर माझं एकच पुस्तक आणि खाली बटण – 'विकत घ्या'. नवऱ्यानं, म्हणजे रत्नदीपनं, व्हिडिओ बघून बघून पंधरा दिवसांत उभं केलं. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "दुकान म्हंतीस, आन् गिऱ्हाईक बसणार कुटं?"

प्रकाशकाकडून 'हळदीचे पाच दिवस'ची उरलेली खोकी परत आणली, तेव्हाच हे ठरलं होतं. खोकी देताना गृहस्थ म्हणाले होते, "राजश्रीताई, तुमची कादंबरी तुमच्या पाहुण्यांपलीकडं जात नाही." वर हसलेसुद्धा! तेव्हापासून डोक्यात एकच – एक तरी वाचक असा पाहिजे, जो ना माहेरचा, ना सासरचा, ना माझ्या बँकेतला. माझं मन राखायची ज्याला काही गरज नाही. तो मिळाला नाही तर दुसरी कादंबरी लिहायची नाही. तसं जाहीरही करून टाकलं.

रत्नदीप म्हणाला, "म्हणजे घरात जेवण वेळेवर?" काय बोलायचं या माणसाला!

४ नोव्हेंबर, मंगळवार

भेट देणाऱ्यांचा आकडा सकाळपासून वाढतोय. आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. संध्याकाळी कळलं – दर वेळी मीच असते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घोळ! रत्नदीपनं जो तयार नमुना घेतला तो कपड्यांच्या दुकानाचा. त्यामुळं पुस्तकाखाली 'साईज निवडा' असं येतंय – लहान, मध्यम, मोठा, जास्त मोठा. आणि निवडल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

पहिली ऑर्डर आली ती 'जास्त मोठा'ची. नातेपुत्याहून. नाव अनोळखी – बिभीषण. मी तर खुर्चीतून उठलेच. फोन लावला, तर आजोबा म्हणाले, "डोळ्यानं कमी दिसतंय बाई, म्हून मोठं मागवलं. अक्षर मोठं आसंल न्हवं?" अक्षर तेवढंच आहे हे सांगितलं. म्हणाले, "आसू दे. रत्नदीपच्या आईला इचारलंय म्हणून सांगा."

सासूबाईंचे चुलतभाऊ निघाले. बसले परत खुर्चीत.

९ नोव्हेंबर, रविवार

आता सगळ्या पाहुण्यांना दुकान कळलंय. आणि कुणी बटण दाबत नाही, घरी येतात! सकाळपासून चहाची पातेली उतरत नाही. नणंदेनं दोन प्रती पिशवीत घातल्या आणि म्हणाली, "घरचंच पुस्तक की वहिनी, नाव टाकून दे." नाव टाकून दिलं. तिच्या मिस्टरांनी मागचं पान वाचलं, पुढचं वाचलं, पुस्तक हातानं तोललं आणि म्हणाले, "कागद चांगलाय."

हे सगळे मला जीव लावतात. म्हणूनच यांचं वाचणं धरता येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बँकेत असताना फोन. मंगळवेढ्याहून. कापडाचं दुकान आहे त्यांचं, नाव शिवलिंगप्पा.

"म्याडम, मोबाइलवर दिसलं ते हळदीचं पुस्तक तुमच्याकडंच मिळतंय न्हवं? आमच्या पोरीचं लगीन हाय तीस तारकंला. आहेराला टावेल-टोपी दिऊन दिऊन कटाळा आलाय बगा. लोकं टोपी घालत न्हाईत, टावेलनं गाडी पुसत्यात. म्हनलं, या टायमाला पुस्तक देऊ. एक्कावन्न लागतील."

एक्कावन्न!! सासरचे नाहीत, माहेरचे नाहीत. आडनावावरून सासूबाईंकडं खात्री करून घेतली. त्यांनी आधी सगळी सोयरीक डोक्यात फिरवून बघितली, मग म्हणाल्या, "न्हाई गं. आपलं कुनी न्हाई." एवढं गोड वाक्य त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

आधी एक नमुना पाठवायचा आहे. कापड दुकानदार! हात लावून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नमुना पाठवला. तीनदा बांधला, दोनदा सोडला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

"माल पसंत हाय," असा फोन आला. माल! म्हणू देत. "पिवळं कव्हर लई झ्याक. हळदीचे हात काय काढल्यात! लग्नाचं वाटतंय बगा." पुढच्या शनिवारपर्यंत पाठवायचं ठरलं. प्रत्येक प्रतीवर वधूवरांच्या नावाची चिठ्ठी मी हातानं लिहिणार. नवरी रुद्राणी, नवरदेव गुरुशांत.

मी आज खूप खूश आहे. लिहून ठेवते, कारण फार वेळा लिहायला मिळत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चिठ्ठ्या लिहायला बसले होते. 'रुद्राणी आणि गुरुशांत यांच्या सहजीवनास...' आणि हात थांबला.

लग्नाचं वाटतंय, म्हणाले शिवलिंगप्पा. त्यांनी कव्हर बघितलंय. आतलं एक पान तरी उघडलंय का? माझी नायिका लग्नाच्या पाचव्या दिवशी, हाताची हळद गेलेली नसताना, घर सोडते. कुणी मारलेलं नसतं, हुंडा मागितलेला नसतो. तिला फक्त कुणी विचारलेलंच नसतं. पहाटेच्या एसटीत बसते आणि कादंबरी संपते.

आणि हे पुस्तक मी एक्कावन्न जणांच्या हातात देणार, अक्षता पडल्या पडल्या!

रत्नदीपला सांगितलं तर तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मग म्हणाला, "पाठवून दे गं. आहेरातलं पुस्तक वाचतंय कोण!"

जेवणभर त्याच्याशी बोलले नाही. त्याला वाटलं, गंमत केली म्हणून. गमतीचं काही नव्हतं. कुणी वाचणार नाही म्हणून बिनधास्त पाठवायचं असेल, तर मग मी दुकान काढलं कशाला? टावेलच विकायचे होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सांगायचं? नाही सांगायचं? सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "लबाडीचं न्हाई ना काही? मग सांगून टाक. न्हाईतर तिकडं जेवनावळीत कुनीतरी वाचंल आन् तुज्या नावानं बोटं मोडंल."

तसा वाचणारा निघाला तर मला चालेल, असं मनात आलं. त्यांना नाही सांगितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोन केला. मधल्या सुट्टीत, बँकेच्या जिन्यात उभं राहून.

"शिवलिंगप्पाकाका, त्या पुस्तकातली नवरी घर सोडून जाते."

"लग्नात?"

"पाचव्या दिवशी."

"मग परत येती की!"

"नाही येत."

दुकानातला पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आन् हे तुमी आत्ता सांगताय व्हय?"

"नमुना पाठवला होता की, काका."

"त्यो म्या कुटं वाचलाय! आमची रुद्राणीच घिऊन बसलीया. दोनदा मागितला, देईना." मग एकदम आवाज मऊ झाला. "राग नका मानू म्याडम. तुमी सांगितलं हे बरं केलं. आमी आपलं टावेल-टोपीच देतो."

ऑर्डर गेली. रागावले नाहीत, उलट लग्नाला या म्हणाले. इतक्या भल्या माणसावर चिडताही येईना. घरी येऊन लिहिलेल्या तेवढ्या चिठ्ठ्या फाडल्या आणि थोडी रडले. रत्नदीपनं न सांगता चहा केला. साखर विसरला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

'साईज निवडा' अखेर काढलं. सासूबाई म्हणतात, दुकान बंद करू नकोस, खोक्यांना वाळवी लागंल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी बेल वाजली. वाटलं, परत पाहुणे.

दारात एक मुलगी. तेवीस-चोवीसची, खांद्याला एकच पिशवी, एसटीच्या धुळीनं केस पांढरे. हातात माझ्या पार्सलचा फाडलेला कागद, त्यावर पाठवणारीचा पत्ता – आमचा. "मी रुद्राणी. मंगळवेढ्याची." मी दार पूर्ण उघडलं.

तीच बोलली, दारातूनच. "मॅडम, तुमची ती एसटीत बसते तिथंच पुस्तक संपवलंत तुम्ही. मी तीनदा वाचलं. पुढं ती उतरते कुठं?"

माझा फोन वाजतोय, मंगळवेढ्याचा नंबर. ती आत हातपाय धुतेय, तेवढ्यात हे लिहितेय. फोन घेणार आहे, पोरगी सुखरूप आहे एवढं सांगणार आहे. पण त्याआधी सासूबाईंना म्हटलं, दोन भाकरी जास्तीच्या टाका.