तिच्या डाव्या हाताच्या जागी

३ ऑक्टोबर

सोलापूरहून मुरुमला परत. अँब्युलन्स गल्लीत वळेना, शेवटी स्ट्रेचर हातानं उचलून आणलं. महानंदा (इथून पुढं म. लिहिणार, एवढं मोठं नाव रोज लिहायला बोटं राजी नाहीत) पुढच्या खोलीत पलंगावर. पॅरालिसिसनं डावी बाजू पार गेली. बोलणं जड आहे, पण माणसं ओळखते, सगळं कळतं.

सगळं म्हणजे डावा हात सोडून. तो उचलून पोटावर ठेवला तर म्हणाली, "कुणाचा हात हाये ह्यो? काढा की." तुझाच आहे म्हटलं. "माजा कसा असंल." मग माझ्याकडं संशयानं बघून, "तुमचाच असंल. ठिवला असंल इथं." डॉक्टर म्हणाले होते, काहींच्या मेंदूतून ती बाजूच पुसली जाते. ऐकताना मान डोलावली होती मी. मेडिकलवाला ना, सगळं कळतं आपल्याला.

नाकातली नळी काढून पाठवलंय, अट घालून. तोंडानं गेलं तर ठीक, नाहीतर परत नळी. नळीला ती लई भ्याली होती, ओढून काढू नये म्हणून तिथं चांगला हात बांधून ठेवायचे. "परत घालू देऊ नका," असं म्हणाली. नाही घालू देणार म्हटलं.

४ ऑक्टोबर

खाल्लं नाही. पाणीसुद्धा नाही.

"पूजा व्हायची हाये."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दवाखान्यात शुद्ध नव्हती, नळीतून जायचं, तेव्हा प्रश्न नव्हता. एरवी आंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर, त्यावर पाणी, बेलाचं पान, आणि मग बराच वेळ नुसतं त्याच्याकडं बघत बसणं. ते झाल्यावर पहिला घोट चहाचा. तापात, बाळंतपणात, एसटी स्टँडच्या बाकावरसुद्धा चुकलं नाही.

लिंगाची चांदीची डबी माझ्याच खिशात होती, आयसीयूत काढून दिलेली, दुकानाच्या किल्लीबरोबर. उघडून तिच्या तळहातावर ठेवलं. तळहात कलंडला, लिंग वाकळीत. तिला पत्ता नाही. उजवीकडं भिंतीकडं बघत विचारत राहिली, "कुठं गेलं? अवो, कुठं गेलं?"

वाकळ झटकून मी शोधलं. मी. ज्यानं कॉलेजात असताना गळ्यातलं काढून वडलांच्या पुढ्यात ठेवलं आणि दुकानात पाटी लावली, "इथं फक्त औषध मिळतं, अंगारा नाही."

लग्न झाल्यावर तिला सांगितलं होतं, मी देव मानत नाही. ती म्हणाली होती, "नका मानू. पण सकाळी पयलं पाणी मला तापवून पाहिजे." एवढ्यावर संसार झाला आमचा.

५ ऑक्टोबर

उजव्या हातावर घे म्हटलं. "त्यो जेवायचा हात." विषय संपला.

शेवटी मठातल्या स्वामींना फोन केला. "काय मेडिकलवाले, आमची आठवण?" टोमणा गिळला. विचारलं, दुसऱ्याच्या हातावर चालतं का?

"मालक म्हणून तुमचा हात चालंल कदाचित. पण लिंग धारण केलेलं पायजे. करता का परत?"

"विश्वास नसताना गळ्यात बांधू? चालतं का ते तुमच्यात?"

"ते विचारून सांगतो."

कुणाला विचारणार, देव जाणे. (असं लिहून गेलो. असू दे, भाषेची सवय.)

७ ऑक्टोबर

लातूरहून लेक आली, वैशाली. तिनं आपला हात पुढं केला, तिच्या गळ्यात लिंग आहे, त्यामुळं स्वामींचीही अडचण नव्हती. म. नं मान फिरवली. "तुजा तुला, माजा मला. ज्येचा त्येनं हातावर घ्यायचा आस्तो."

चार दिवसांत तीन-चार चमचे पाणी, तेही झोपेत असताना ओठ ओले केले म्हणून. उमरग्याचे डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. उद्या संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर नळी.

वैशाली माझ्यावरच चिडली. "अप्पा, तुम्ही तिला रागवा की. तुमचं ऐकती ती." तिला काय सांगू. ह्या एका गोष्टीत म. नं कधीच कुणाचं ऐकलं नाही, आणि मी कधी सांगितलंही नाही. दुकानात येणाऱ्या बायकांना सांगायचो, आधी खाऊन गोळी घ्या, उपास मग करा. घरात तोंड बंद.

स्वामींचा फोन नाही.

८ ऑक्टोबर

सुचलं ते केलं.

वैशालीनं पुसून घेतलं, विभूती लावली. मी पलंगावर तिच्या मागं बसलो, तिला छातीशी टेकवून घेतलं, दोघांवरून शाल. तिचा डावा हात शालीच्या आत सरकवला आणि त्याच्या जागी माझा डावा हात बाहेर काढला. वैशालीनं त्यावर लिंग ठेवलं.

"हा बघ, आला तुझा हात," मी म्हटलं.

तिनं पाहिलं. उजव्या हातानं पळीतलं पाणी घातलं, बरंचसं माझ्या मनगटावर. पान ठेवलं. मग बघत बसली. तिचं डोकं माझ्या गळ्याशी, हलता येईना, खांदा भरून आला. नंतर तिनं तळहातावरचं पाणी तीर्थ म्हणून ओठाला लावलं आणि म्हणाली, "आता द्या काय द्यायचं ते."

लापशी, अर्धी वाटी. वैशाली स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मी फसवलं तिला. आजाऱ्याच्या डोळ्यांत धूळ टाकतात म्हणून ज्या बुवा-महाराजांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, त्यांच्यापेक्षा वेगळं काय केलं? पण लापशी गेली पोटात.

१५ ऑक्टोबर

वैशाली परत गेली, शाळा आहे तिची. दिवसा इंदूबाई असते, म. चं सगळं करते. लिंग आता मीच मांडतो.

दुकान दुपारपर्यंत. आज एक गिऱ्हाईक औषध घेता घेता म्हणालं, "नास्तिकाच्या घरी असं व्हायचंच, शेठ." दुसरा, त्याच्याच मागं उभा, "असं का म्हणता, देवानंच वाचवलं की वहिनींना." दोघांनाही सुटे पैसे दिले आणि शटर ओढलं. मारणारा तोच, वाचवणारा तोच. मग मधे मला कशाला ठेवलंय?

२२ ऑक्टोबर

रोज कानाशी तिचं पुटपुटणं ऐकू येतं. इतकी वर्षं लांबून बघत होतो, ऐकलं कधीच नव्हतं. मला वाटायचं मागत असेल. पोरीचं बरं होऊ दे, नवऱ्याला अक्कल दे. लोक तेच करतात.

ती काही मागत नाही. आज सांगत होती, गॅस संपत आलाय. इंदूबाईच्या सुनेला दिवस गेलेत. पाठीला जखम व्हायला लागलीय. सांगून झालं की बघत बसते. बस्स, एवढंच.

मी ज्याला नाकारलं तो दुकानदार होता. नारळ द्या, नोकरी घ्या. तो नाहीच, आजही म्हणतो नाही. पण माझ्या घरात त्याला कुणी पुजतच नव्हतं. मग मी इतकी वर्षं भांडलो ते

(पुढं लिहवलं नाही.)

१ नोव्हेंबर

अर्धी वाटी. पाठ दुखते. बाकी काही नाही.

९ नोव्हेंबर

पूजा चालू असताना म्हणाली, "हात नीट धरा की. कापतोय तुमचा."

तुमचा.

मी विचारलं, "कवापास्नं माहीत आहे?"

"पयल्या दिशी. येवढे केस माज्या हाताला कवा व्हते? आन् बांगड्या कुठं गेल्या?"

हसलो दोघं. तिला हसताना ठसका लागला, मी घाबरलो. मग विचारलं, मग बोलली का नाहीस? नुसतं म्हणायचं, दुसऱ्याचा हात चालत नाही.

"बोलले आस्ते तर तुमी काढून घेतला आस्ता."

मी म्हटलं, तुझ्या देवाला चालतं का हे? माझ्यासारख्याचा हात?

"त्येला काय कळतंय," ती म्हणाली. "त्येला धरल्याबिगर र्‍हाता येत न्हाय, येवढंच म्हाईत मला."

१० नोव्हेंबर

कालचं डोक्यातून जात नाही.

देव म्हणजे सगळं करू शकणारा, असं मला लहानपणी शिकवलं. तसा कुणी दिसला नाही म्हणून सोडला. पण ज्याला काहीच करता येत नाही असा देव असेल तर? ज्याला स्वतःला हात नाहीत. कुणी धरला नाही तर वाकळीत पडून राहील, तिच्या त्या हातासारखा, कुणाचाच नसलेला. तसा असेल तर तो आहे. रोज सकाळी माझ्या हातावर असतो, गार, ओला.

पण असा देव मिळून मी काय करू? त्याच्या हातून एक बोट हलत नाही. नव्हता तेव्हा बरं होतं. तेव्हा निदान एकटाच होतो. आता एक आजारी पलंगावर आणि दुसरा तळहातावर.

वैशालीला फोनवर यातलं थोडं सांगितलं. "अप्पा, तुमी मानायला लागलात व्हय?" आवाजात आनंद. नाही म्हटलं. मग हो म्हटलं. मग नेटवर्क गेलं, बरं झालं.

१२ डिसेंबर

परत झटका. इंदूबाईनं हाक मारली तोवर तोंड वाकडं झालं होतं. उमरग्याला नेलं. कॉरिडॉरमध्ये बसवलं, डबी परत माझ्या हातात.

मागितलं. लिहून ठेवतो, खोटं कशाला. डबी मुठीत घेऊन भिकाऱ्यासारखं मागितलं, हिला राहू दे. जे तिनं कधी केलं नाही ते मी केलं, आणि ज्याला काही करता येत नाही असं मीच लिहिलं होतं त्याच्याकडं.

काही झालं नाही. समोर पंखा होता, तोही बंद.

१९ डिसेंबर

घरी आणलं. आता काही करण्यासारखं नाही, असं त्यांनी सांगितलं. वाक्य माझ्याच ओळखीचं, मीही काउंटरवरून लोकांना असंच नरम आवाजात सांगत आलो. गिळता येतं, तेवढं बरं, म्हणाले.

बोलणं जवळजवळ गेलं. एखादा शब्द. नको असेल तर "ब्याड", माहेरचं कानडी. मला ओळखते की नाही, सांगता येत नाही.

सकाळी मागं बसलो, शाल घेतली, हात पुढं केला. तिनं पाणी घातलं नाही. मी माझ्या उजव्या हातानं घातलं. ती दाराकडं बघत होती.

२३ डिसेंबर

आज स्वामींचा फोन. "त्या दिवशीचं विचारलं मी. धारण केल्याशिवाय नको म्हणतात."

बरं म्हटलं. त्यांनी तब्येत विचारली. तीही बरी म्हटलं.

२ जानेवारी

वैशाली सुट्टीत येऊन गेली. तिला म. नं ओळखलं नाही.

आज सकाळी पाणी तापवलं, पुसून घेतलं, विभूती लावली. आता मागं बसत नाही, समोर बसतो, मागं बसलं की तिचं तोंड दिसत नाही. लिंग माझ्या डाव्या हातावर. आज तिची नजर त्यावर थांबली. किती दिवसांनी.

"काय हाये?" म्हणाली. स्पष्ट.

मी म्हटलं, "देव." हा शब्द मी कुणाला उत्तर म्हणून कधी दिला नव्हता.

"कुणाचा?"

तुझा, म्हणायला हवं होतं. तोंडातून निघेना. ती वाट बघत होती, लहान पोर बघतं तशी. तेवढ्यात इंदूबाई लापशीची वाटी घेऊन आली. म. नं वाटीकडं पाहिलं आणि तोंड उघडलं.

इंदूबाई थबकली. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, दे म्हणून. तिनं चमचा घातला. म. नं खाल्लं. दुसरा, तिसरा. पूर्ण वाटी खाल्ली, परत तोंड उघडलं. पूजेशिवाय. आयुष्यात पहिल्यांदा.

फोनवर वैशाली म्हणाली, "जेवली ना अप्पा? मग बास की." बासच. मी तरी आणखी काय म्हणत आलो होतो जन्मभर.

तिच्या ओठाला लापशी लागली होती, पुसता येईना, डाव्या हातावर लिंग, उजव्यात पळी. इंदूबाईनंच पुसली. मग माझ्यापुढं कप ठेवला. "भाऊ, च्या घ्या, गार व्हतोय."

म्हटलं, थांब, अजून पूजा व्हायचीय.