हलका खुराक, सोपी सुटका

२ डिसेंबर १९५६, सकाळी

राज्य बदललं. फाइली आता नागपूरऐवजी भोपाळला, त्याही हिंदीत. सीनियॉरिटी लिस्ट नव्याने होणार म्हणे. माझ्यासारख्या स्टॉक असिस्टंटला साहेबांच्या नजरेत भरायची हीच वेळ. राजघाटाच्या रस्त्यावरच्या आमच्या सरकारी केंद्रातली विलायती डुकरीण शेवटच्या महिन्यात आहे. तिचं बाळंतपण असं करून दाखवायचं की रिपोर्ट थेट भोपाळात वाचला जावा.

रोज पहाटे उठणे. हिंदीचा सराव करणे.

३ डिसेंबर

उठायला उशीर. थंडी.

सरकारी पत्रक वाचलं. म्हणे शेवटच्या महिन्यात खुराक वाढवा, पेंड द्या, त्यानं पोटातल्या पिल्लांच्या अंगात जोर साठतो. असेल गोऱ्या साहेबांच्या देशात. आपल्याकडे शेवटी खाणं तोडतात. मूल बारीक, सुटका सोपी. माझी ताई दूध-तूप खाऊन अडली आणि गेली. तिचं ओरडणं मी दाराबाहेर ऐकलंय, पत्रक लिहिणाऱ्यानं नाही.

खुराक निम्मा केला. केंद्रातला गडी निंबा कुरकुरला. त्याला म्हटलं, तू झाडलोट बघ.

७ डिसेंबर

रजनी बाळंतपणाला आली. आठवा लागलाय. तिलाही एकच भाकर, तूप बंद. सुलभा म्हणाली, आपली लेक आहे ती, डुकरीण नव्हे. मी शांतपणे समजावलं की शास्त्र सगळ्यांना एकच असतं. हे वाक्य रिपोर्टात घ्यायचं. हिंदी करून.

१६ डिसेंबर

डुकरीण रिकामी कुंडी चाटते. निंबा म्हणतो, दिवसभर ओरडते. सवय असते एकेकाला.

रजनीनं दुसरी भाकर मागितली. नाही म्हटलं. पानावरून उठली. चेहरा बारीक झालाय, चांगलं लक्षण. सुलभा माझ्याशी बोलत नाही. ठीकच. घरात शांतता असली की हिंदी होते. उद्यापासून.

२ जानेवारी १९५७, सकाळी

फत्ते! डुकरीण पहाटे व्याली. एकही पिल्लू अडलं नाही. सगळी सडपातळ. रिपोर्टाची पहिली ओळ झाली: ‘प्रसव अत्यंत सुगम रहा।’

दुपारी

पिल्लं थरथरताहेत. आचळापर्यंत सरकत नाहीत. थकली असतील. गोणपाट टाकलं. निंबानं शेगडी आणली, मी नको म्हटलं नाही.

३ जानेवारी

सगळी गेली. शेवटचं माझ्या सदऱ्याच्या आत धरलं होतं. तरी गार पडलं.

खंडव्याहून डॉक्टर शालिग्राम आले. एक पिल्लू फाडून पाहिलं. म्हणाले, जन्मताना पिल्लू यकृतात थोडी शिदोरी घेऊन येतं, दूध मिळेपर्यंत त्यावरच अंग उबदार ठेवतं. ह्यांच्यात काहीच नाही. मी म्हटलं, यंदा थंडी फार.

हात धुता धुता ते म्हणाले, "आईलाच दिलं नाहीत, तर ती पोरांना कुठून देणार?"

रिपोर्टात कारण लिहिलं: शीतलहर.

४ जानेवारी

ऑफिसात बसून ठरवलं, आजपासून रजनीला दोन भाकरी. हवं तर थोडं तूपही. माघार नव्हे. सुधारणा.

घराला कुलूप. शेजारच्या गोदाबाईंनी किल्ली दिली. निंबा काल येऊन पिल्लांचं सांगून गेला होता म्हणे. आज सकाळीच सुलभा रजनीला घेऊन असीरगढला गेली, भावाकडे. बाळंतपण तिथंच. गोदाबाई खाली बघत म्हणाल्या, "तिनं निरोप ठेवलाय. एकीवर करून पाहिलंत, तेवढं पुरे."

चूल थंड. लाकडांमागे एक डबा सापडला, रिकामा. झाकण काढून हुंगला. तूप, डिंक, गूळ. म्हणजे पोरगी माझ्यापासून लपून लाडू खात होती.

खाल्ले असू देत, देवा. भरपूर खाल्ले असू देत.