चतुरा सांडूची सनद

औरंगाबाद,
६ जून १९५५

चि. रामकिसन यास अक्काचे आशीर्वाद वि. वि.

मावशीकडे मी खुशाल आहे, पण आज डोकं ठिकाणावर नाही. मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली म्हणून अर्ज केला. कारकुनाने कागद पाहिले आणि म्हणाला, मिडलची सनद चतुरा सांडू या मुलीची, अर्ज सुगंधा त्रिंबक या बाईचा. एकीच्या सनदेवर दुसरीला नोकरी कशी द्यायची? लग्नात नवरा तांदळाच्या ताटात बायकोचं नवं नाव लिहितो, हे त्याच्या घरी कधी घडलंच नसेल जणू. परीक्षेला मी बसले आणि पास झाली कुणी दुसरीच!

दोन्ही नावांची बाई एकच, असं नवऱ्याच्या सहीचं पत्र सोमवारपर्यंत हवं आहे. ज्याने मला घराबाहेर काढून दुसरी केली, त्याच्याच सहीवर माझी भाकरी अडकावी? तू फुलंब्रीला जाऊन ये. हात मात्र उचलू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का

पिशोर,
९ जून

ती. अक्कास रामकिसनचा सा. न. वि. वि.

फुलंब्रीला जाऊन आलो. हात उचलला नाही, तुझी ताकीद आडवी आली. दाजी ओट्यावर पान खात बसले होते. सही नाय मिळायची म्हणाले. त्यांची सुगंधा घरात भाकरी थापतेय, दुसरी सुगंधा कोण ते त्यांना ठाऊक नाय. मला वाटलं थट्टा करतात. पण अक्का, त्यांनी दुसरीच्या लग्नातही ताटात तेच नाव लिहिलंय. म्हणाले, तोंडात बसलेलं नाव कशाला बदला. लई संताप झाला. आप्पांना अजून सांगितलं नाही.

आता काय करायचं ते कळव. धाकट्यावर लोभ असू दे.

तुझा रामकिसन

औरंगाबाद,
१४ जून

चि. रामकिसन यास आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग अंगाची लाही झाली. इतकी वर्षं त्या नावाला मी ओ दिली, आणि त्याने ते जुनं लुगडं द्यावं तसं दुसरीला देऊन टाकलं!

काल जुना अर्ज परत घेऊन फाडला आणि नवा लिहिला : चतुरा सांडू, राहणार पिशोर. सनद तिची, अर्जही तिचा. कारकुनाला बोट ठेवायला जागा उरली नाही. तरी त्याने विचारलंच की त्या सुगंधाबाईंचं काय झालं. मी सांगितलं, ती फुलंब्रीला सासरी नांदते आहे. गुरुवारपासून शाळेत रुजू व्हायचं आहे. आप्पांना आता खुशाल सांग.

आणि पुन्हा फुलंब्रीला जाणं झालं, तर त्या पोरीला तिचं माहेरचं नाव विचार. ते विसरू नकोस म्हणावं, कधीतरी लागेल.

तुझी चतुराक्का